आडवाट : एकतीस वाचकांसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

वाचनालयात पुस्तक बदलायला गेलो होतो. ग्रंथपाल बाईंनी टेबलावरूनच हाक मारली. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग. पुस्तक परत करायला आलेला माणूस शेजारच्याला सांगतो, हे ने, चांगलं आहे. इंटरनेटवरच्या चांगल्या पानांचं तसं का होत नाही?"

मी म्हटलं, होतं की, वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुवे येतातच. त्यांनी नुसता फोन माझ्यासमोर धरला. सुप्रभातची फुलं, दोन वाढदिवस, एका सुविचारावर बावीस नमस्कार, आणि त्या ढिगाखाली कोणीतरी टाकलेला जुन्या नकाशांचा दुवा. इतका चांगला दुवा, आणि त्यावर एक अंगठासुद्धा नाही.

साताऱ्यातल्या या ग्रुपात आम्ही एकतीस जण. घरी येताना डोक्यात स्टंबलअपॉन घोळत होतं. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी ते चालवायचो. ब्राउझरच्या पट्टीवर एक बटण आणि दोन अंगठे, एक वर नि एक खाली. बटण दाबलं की आपल्यासारखं आवडणाऱ्या कोणीतरी पसंत केलेलं एखादं पान समोर यायचं. गॅरेट कॅम्प आणि त्याच्या मित्रांनी २००१ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत ते सुरू केलं. ईबेने २००७ साली साडेसात कोटी डॉलरना विकत घेतलं, २००९ मध्ये ते पुन्हा वेगळं झालं आणि ३० जून २०१८ ला बंद पडलं. हाच कॅम्प पुढे उबरच्या संस्थापकांपैकी एक झाला.

सर्च इंजिनला काहीतरी विचारावं लागतं. काय विचारायचं हेच माहीत नसेल तर ते मुकं. स्टंबलअपॉन अशा माणसासाठी होतं. आपल्या एकतीस जणांसाठी तसं काही करता येईल का? नाव ठरलं : आडवाट. बाकी काहीच ठरलेलं नाही.

१३ जानेवारी, शनिवार

माल गोळा केला. ग्रुपमधल्या गप्पांची फाइल व्हॉट्सॲपमधून काढली आणि तीतून दुवे वेगळे केले. एवढ्याने पोट भरत नाही. दुवा कोणी टाकला ते कळतं, बाकीच्यांपैकी कोणाला आवडला ते कळत नाही.

मग सगळ्यांना विनंती केली की आपापल्या ब्राउझरमधले बुकमार्क फाइलमध्ये काढून द्या. एकोणीस जणांनी दिले. गंमत म्हणजे ती फाइल आजही नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या जमान्यातल्या साच्यातच निघते, पहिल्याच ओळीत त्याचं नाव. नेटस्केप जाऊन जमाना झाला, कपाटावरची पाटी तशीच.

"निवडून देऊ का सगळे देऊ?" असं दोघांनी विचारलं. मी म्हटलं, सगळे द्या, मला सोपं पडेल.

उरलेल्या बारांसाठी बाईंची युक्ती : ग्रुपात आलेल्या साठ दुव्यांची छापील यादी टेबलावर ठेवायची, शेजारी पेन. ज्याला जे आवडलं त्याने तिथे बरोबरची खूण करायची. खुणा करायला ते बारा जण आलेच, बुकमार्क दिलेलेही हौसेने आले.

१४ जानेवारी, रविवार

आख्खा दिवस धुणीभांडी. एकाच पानाचे पाचपाच पत्ते. एकाला मागे शेपूट, एकाला पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, एक फेसबुकवरून आलेला म्हणून त्याला लांबलचक एफबीक्लिड, म्हणजे फेसबुकने चिकटवलेली खूण. शेपट्या कापल्या.

मराठी विकिपीडियाच्या पत्त्यांनी खरा घाम काढला. ब्राउझरमधून नकलून घेताना कधी ते स्वच्छ देवनागरीत येतात, कधी टक्क्याच्या चिन्हांच्या (%) जंजाळात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटांचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट म्हणजे एक टक्का नि दोन अंक-अक्षरं. म्हणजे 'म' लिहायला नऊ चिन्हं, आणि काना-मात्रा-वेलांटीचे पुन्हा नऊनऊ. दोन्ही रूपं उलगडून एकत्र केली.

मग 'ऱ'. हे अक्षर एकसंध लिहिता येतं, किंवा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असंही. युनिकोड ही सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत; तिच्यातल्या एनएफसी नियमाने ती दोन्ही एक होतात, ते केलं. पण 'ऱ्या'चा तिसरा प्रकारही आहे : साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडक, मग या. दिसायला तंतोतंत तेच. एनएफसी त्याला हात लावत नाही. साताऱ्यात राहून हे टाळता येणार नाही, पण आज रात्रीचे साडेअकरा वाजलेत. पुढे ढकललं.

दिवसाखेर : कच्चे दुवे १,४१२, एका माणसाचा तोच दुवा एकदाच धरला तर १,१९०, वेगवेगळी पानं ९०३.

२१ जानेवारी, रविवार

आज जुळणी. कोणाची आवड कोणाशी किती जुळते याचं एक जुनं नि सोपं माप पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आल्प्समधल्या कुरणांची तुलना करत होता : दोन कुरणांतल्या सामाईक जाती भागिले दोन्हींतल्या मिळून एकूण जाती. दोघांचे वीसवीस दुवे, त्यातले चार सामाईक, तर चार भागिले छत्तीस, ०.११.

चालवून पाहिलं तर सगळे सगळ्यांशी थोडेथोडे जुळत होते. कारण शोधायला वेळ लागला नाही. एकतीसपैकी पंचवीस जणांकडे कासच्या पठाराच्या बुकिंगचं पान! फुलांच्या मापाने माणसं मोजायला गेलो आणि फुलांनीच घोळ केला. साताऱ्यातल्या माणसाकडे कासचं पान असणं यातून त्याची आवड काहीच कळत नाही. तो साताऱ्यात राहतो एवढं कळतं.

उपाय जुनाच, शोधयंत्रांतला. जे सगळ्यांकडे आहे त्याला वजन कमी, जे थोड्यांकडे आहे त्याला जास्त. एकूण माणसं भागिले तो दुवा असलेली माणसं, आणि त्याचा लॉगॅरिदम. कासचं वजन येतं ०.२२. फक्त दोघांकडे असलेल्या दुव्याचं २.७४. म्हणजे बारा-तेरापट.

तरी तक्ता रिकामाच दिसतो. एकतीस माणसं गुणिले ९०३ पानं, जवळपास अठ्ठावीस हजार घरं, त्यातली भरलेली शंभरात सव्वाचार. ७७१ पानं तर अशी की ती एकेकाच माणसाकडे आहेत. जुळणीला उपयोगी पडतील अशी उरली १३२.

१९९४ साली ग्रुपलेन्स ही शिफारशींची यंत्रणा करणाऱ्यांनी यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चांच्या जाळ्यातल्या लेखांना वाचकांकडून एक ते पाच गुण मागून घेतले. गृहीतक साधं : मागे ज्यांचं पटलं, त्यांचं पुढेही पटेल. यूजनेटवर वाचकांचा समुद्र होता. माझ्याकडे बादली आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

आडवाट सुरू. एक पान, एक बटण : 'दाखव'. खाली 'आवडलं' आणि 'नको'. दुव्याखाली बारीक अक्षरांत एवढंच : तुमच्याशी आवड जुळणाऱ्या सदस्याकडून. नाव नाही. नाव नसलं की मोकळेपणा राहील असा माझा हिशेब.

संध्याकाळपर्यंत एक झकास जोडी निघाली. निवृत्त पोस्टमास्तर काका आणि नर्सरीवाले भाऊ. दोघांचं सगळ्यात वजनदार सामाईक पान म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा. काका त्यात टपालाच्या पिशव्यांवर पाहिलेल्या गावांच्या नावांची मुळं शोधतात. भाऊ झाडांची जुनी नावं शोधतात, कारण म्हातारी गिऱ्हाइकं हल्लीच्या नावाने रोप मागत नाहीत. गेली चार वर्षं हे दोघे एकाच ग्रुपात आहेत, एकमेकांशी चकार शब्द बोललेले नाहीत. यंत्राने भाऊंना काकांकडचा केतकरांचा ज्ञानकोश दाखवला, काकांना भाऊंकडचं भारतातल्या फुलांचं एक पान. दोघांनीही 'आवडलं' दाबलं. मी खुर्चीतून उठून चहा टाकला.

४ फेब्रुवारी, रविवार

क्रमाचा घोळ. एकाच माणसाने पाहून एकानेच पसंत केलेला दुवा शंभर टक्के, म्हणून पहिला. दहांपैकी नऊ जणांनी पसंत केलेला नव्वद टक्के, म्हणून त्याच्या मागे. एडविन विल्सनचं १९२७ सालचं सूत्र लावलं. त्यात खात्रीची खालची मर्यादा धरतात; पाहणारे थोडे असतील तर ती खाली येते. पहिल्याला ०.२१, दुसऱ्याला ०.६०. जागच्या जागी बसलं.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला फोन. ग्रुपातले एक गृहस्थ, पक्षी पाहणारे. आवाज अगदी शांत होता, त्यानेच धसका बसला.

"तू माझ्या बुकमार्कांत काय काय पाहिलंस?"

काल रात्री ग्रुपातल्या एका ताईंनी 'दाखव' दाबलं. समोर आलं एक पान : गृहकर्जाचे हप्ते थकले तर सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस कशी देते आणि त्यावर काय करता येतं. खाली माझी ओळ : तुमच्याशी आवड जुळणाऱ्या सदस्याकडून. ताईही पक्षी पाहतात. ईबर्डवर नोंदी करणारे आणि मायणीच्या पक्ष्यांचं पान जपून ठेवलेले ग्रुपात दोघेच, एक त्या आणि एक हे. ताईंना तर्क करायला अर्धा मिनिट लागला नसेल. बिचाऱ्यांनी भल्या मनाने यांना फोन केला, दादा, काही मदत हवी असेल तर सांगा. फोन स्पीकरवर होता. घरात तोवर कोणालाच काही माहीत नव्हतं.

मी काय बोललो ते आठवत नाही. दुपारी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला. वहिनी बाहेर आल्या नाहीत.

आडवाट बंद केली आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

त्यांच्या सगळ्या नोंदी पुसल्या. पुसल्या म्हणजे खरोखर पुसल्या का, हे तपासताना कळलं की एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे मी वापरलेल्या डेटाबेसमध्ये, ओळ काढून टाकली तरी तिचा मजकूर फाइलच्या रिकाम्या पानांत पडून राहू शकतो. व्हॅक्यूम नावाची आज्ञा चालवून फाइल नव्याने लिहावी लागते. चालवली. पेनड्राइव्हवरची प्रत, लॅपटॉपवरची प्रत, आणि 'जुनं' नावाच्या फोल्डरातली, जी मी स्वतःही विसरलो होतो, तीही.

मला हे आधी ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. नेटफ्लिक्सने २००६ साली शिफारशी सुधारण्यासाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांची दहा कोटी मतं नावं काढून लोकांसमोर ठेवली. टेक्सास विद्यापीठातल्या नारायणन आणि श्मातिकोव या दोघांनी ती मतं आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळावरच्या उघड मतांशी ताडून त्यातली काही माणसं ओळखून दाखवली. कशाच्या बळावर? सगळ्यांनी पाहिलेले सिनेमे नव्हे, थोड्यांनीच पाहिलेले. आमच्याच व्यवसायातली गोष्ट, मी ती दोनदा तरी लोकांना सांगितली आहे.

आणि २१ जानेवारीला मी तरी दुसरं काय केलं? दुर्मीळ दुव्याला बारापट वजन दिलं. माणूस ओळखण्याचं सूत्र आणि आवड ओळखण्याचं सूत्र एकच होतं. लाखोंच्या गर्दीत तरी ओळखायला दोन संशोधक लागले. एकतीस जणांत एक सहृदय ताई पुरल्या.

१७ फेब्रुवारी, शनिवार

तांत्रिक मलमपट्टी करून पाहिली, ती फसली. नियम : किमान तिघांकडे असलेलाच दुवा दाखवायचा. उरले ५८. त्यात कास, एसटीचं वेळापत्रक, सातबारा, महावितरणचं बिल, दहावीचा निकाल. सुरक्षित आहे यात शंका नाही. पण सातबारा कुठे मिळतो हे साताऱ्यातल्या माणसाला सांगायला यंत्र कशाला हवं? मोल्सवर्थ दोघांकडेच, म्हणून गेला. नकाशे गेले. जे लपवायला हवं तेही दुर्मीळ, आणि जे सांगण्याजोगं आहे तेही दुर्मीळच. आकड्याला दोन्ही सारखेच दिसतात.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम संपल्यावर बाईंनी दहा-बारा जणांना थांबवून घेतलं. मी उभा राहून झालेलं सगळं सांगितलं, त्या गृहस्थांचं नाव न घेता. ते स्वतः मागच्या रांगेत होते. येतील असं वाटलं नव्हतं.

भाऊ म्हणाले, नावं काढून टाका पूर्ण. मी म्हटलं, नव्हतीच. एका मुलीने सुचवलं, पासवर्ड घाला. त्याचाही इथे उपयोग नव्हता. बराच वेळ मी सूत्रं समजावत बसलो, जे कोणी विचारलं नव्हतं.

मग पोस्टमास्तर काका बोलले. "टपालखात्यात पोस्टकार्ड वेगळं आणि पाकीट वेगळं, ते का? पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, पोरं मोठ्याने वाचून दाखवतात. लिहिणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून तो तसंच लिहितो. पाकीट चिकटवलेलं असतं. तू आमची पाकिटं फोडलीस आणि पोस्टकार्डं म्हणून वाटलीस. वर पाठवणाऱ्याचं नाव खोडलंस, म्हणजे सभ्यपणा झाला असं तुला वाटलं."

कोणी हसलं नाही. बाईंनी घसा खाकरला.

तिथेच नियम ठरले. प्रत्येक दुवा मुळात पाकीट. ते ज्याच्या त्याच्या फोनमध्ये, माझ्याकडे येतच नाही. वाटावंसं वाटलं तर त्याचं पोस्टकार्ड करायचं : खाली स्वतःचं नाव आणि हे पान का पाहावं याची एक ओळ. ओळ नसेल तर कार्ड जाणार नाही. जुळणीचा हिशेबही फक्त कार्डांवर. पाकिटांतून जुळणी काढून कार्डं दाखवली तरी ती गळतीच, थोडी पातळ एवढंच.

२ मार्च, शनिवार

पुन्हा लिहायला घेतलं. जुनं वाचताना टॅपेस्ट्रीपाशी थबकलो. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेतली १९९२ सालची यंत्रणा. ईमेलच्या पुराला कंटाळून केलेली, आणि 'कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग' (इतरांच्या पसंतीवरून निवड) हा शब्द तिथूनच आला. तिथली माणसं एकमेकांना नावाने ओळखत. मजकुरावर शेरे लिहीत, आणि अमक्याने ज्यावर शेरा दिला आहे ते मला दाखव, असं वाचणाराच सांगे. कोणाचं ऐकायचं ते माणूस ठरवी, शोधून आणायचं काम यंत्राचं. ग्रुपलेन्सने दोन वर्षांनी ते स्वयंचलित केलं, टोपणनावं चालू लागली, आणि आम्ही सगळे त्याच वाटेने निघालो. दोन्हींमध्ये वाईट कोणतंच नाही. मी ग्रुपलेन्सचं यंत्र टॅपेस्ट्रीच्या घरात बसवत होतो.

९ मार्च, शनिवार

माझ्याकडचे सगळे दुवे प्रत्येकाला आपापले परत केले आणि माझ्याकडून पुसले (व्हॅक्यूमसकट). आठवडाभरात कार्डं आली २१४. मी शंभरही धरली नव्हती.

ओळी वाचण्यासारख्या आहेत. नकाशांच्या दुव्यावर : "यात आमच्या वाडीचं नाव चुकलेलं आहे, पण ओढा बरोबर आहे." नासाच्या रोजच्या खगोलचित्राच्या पानावर : "नातवाला जेवताना दाखवते, एक घास जास्त जातो." या ओळींपुढे माझी ०.६० बिनकामाची दिसते. विल्सनचं सूत्र काढून टाकलं नाही, पण आकडा दाखवणं बंद केलं.

दर पाचवं कार्ड जुळणी न बघता चिठ्ठी टाकून निवडायचं ठेवलं आहे. नाहीतर भाऊंना जन्मभर झाडंच दिसतील.

२३ मार्च, शनिवार

मेलेले दुवे तपासले, १७ निघाले. ११ वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर सापडले, तिकडे वळवले. एक जुनं मराठी पान तिथे आहे, पण युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधलं, म्हणजे नुसती रोमन अक्षरांची भेळ. भाऊ म्हणतात तो फॉन्ट त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर असेल.

पक्षीवाल्या दादांचं कार्ड आलं, पहिलंच. मायणीच्या पक्ष्यांचं पान. ओळ : "ताई, या यादीत तुमच्या नोंदी नाहीत. पाठवा."

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सुट्टी होती म्हणून जानेवारीत ढकललेलं काम काढलं : 'ऱ्या'. कार्डांवर लोक विषयाची चिठ्ठी लावतात, त्यात 'साताऱ्यातलं' दोनदा दिसत होतं, एकीखाली नऊ कार्डं, दुसरीखाली पाच. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. आतली अक्षरं सुटी करून पाहिली. पाचांमध्ये र, हलन्त आणि तो अदृश्य जोडक. पाचही भाऊंची, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून टाइप केलेली. नऊमधली सहा काकांची.

तिसरं रूप पहिल्यात वळवणारी एक ओळ लिहिली. चौदा कार्डं एका चिठ्ठीखाली आली. तीच ओळ पत्त्यांवरही चालवली, तर एक पान कमी झालं. एकच पान दोन पत्त्यांनी आलेलं, एक काकांचं, एक भाऊंचं. दोन्ही ओळी आता एकाखाली एक दिसतात. काकांची : "गावाचं नाव झाडावरून पडलं असावं, खात्री नाही." भाऊंची : "ते झाड माझ्याकडे आहे."